अल्झायमरसाठी वनस्पतींचे अर्क: दावा कसा तपासावा आणि वापर कसा करावा

अल्झायमरवर गुणकारी म्हणून एखाद्या वनस्पतीचा अर्क रुग्णाला सुरू करण्यापूर्वी पहिला प्रश्न असा विचारावा, की हा गुण नेमका कोठे दिसला: प्रयोगशाळेतील पेशींत, उंदरांत की रुग्णांत? अश्वगंधेच्या मुळांच्या अर्कामुळे उंदरांच्या मेंदूतील अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे प्रथिन) कमी झाल्याचे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते महत्त्वाचे होते. परंतु उंदरांत अमायलॉइड घटवणारी कित्येक द्रव्ये पुढे माणसांत निष्प्रभ ठरलेली असल्याने तेवढ्यावरून रुग्णाची मात्रा ठरवता येत नाही.

चाचणी माणसांवर झाली असली, तरी तिचा आकार, कालावधी आणि तुलना कशाशी केली, हे पाहावे लागते. जिंको बिलोबा या झाडाच्या पानांचा १२० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, सुमारे सहा वर्षे घेतलेल्या ज्येष्ठांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी झाले नाही, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन हजारांहून अधिक व्यक्तींच्या चाचणीत आढळले. मात्र हा निष्कर्ष प्रतिबंधाविषयी आहे, उपचाराविषयी नव्हे. जाहिरातींत या दोन गोष्टी सर्रास एकमेकींत मिसळलेल्या असतात. उलट, २०१० मधील एका चाचणीत केशराचा अर्क डोनेपेझिल या अल्झायमरच्या नेहमीच्या औषधाइतकाच उपयोगी ठरल्याचे सांगितले गेले. पण त्यात रुग्ण ५४ आणि कालावधी २२ आठवड्यांचा होता. इतक्या छोट्या चाचणीत फरक न आढळणे म्हणजे दोन्ही उपचार तुल्यबळ असल्याचे सिद्ध होणे नव्हे.

वनस्पतींतून काहीच हाती लागत नाही, असा याचा अर्थ नाही. स्नोड्रॉप आणि डॅफोडिल या फुलझाडांत आढळणारे गॅलँटामाइन अमेरिकेत २००१ मध्ये सौम्य ते मध्यम अल्झायमरसाठी औषध म्हणून मान्य झाले. ते आजार थांबवत नाही, लक्षणांत थोडाफार उतार पाडते. तरीही प्रत्येक गोळीत औषध किती, हे निश्चित असते. अर्काच्या बाटलीत नेमकी हीच निश्चिती शोधायची आहे. लेबलवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग असावा, कारण ब्राह्मी या नावाखाली बकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका अशा दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. ‘१०:१’ असे लिहिलेले असल्यास दहा भाग वनस्पतीपासून एक भाग अर्क काढला, एवढेच कळते. कार्यकारी घटक किती, हे कळत नाही. त्यासाठी टक्केवारी हवी, आणि शिसे, पारा व आर्सेनिक यांच्या तपासणीचा स्वतंत्र अहवालही मागावा.

यानंतर बाटलीच डॉक्टरांना दाखवावी. नुसते नाव सांगून भागत नाही. ह्युपरझिन-ए हा वनस्पतिजन्य घटक डोनेपेझिलप्रमाणेच अॅसिटिलकोलीन या मेंदूतील संदेशवाहक द्रव्याचे विघटन रोखत असल्याने दोन्ही एकत्र घेतल्यास मळमळ, जुलाब, हृदयगती मंदावणे किंवा भोवळ येणे संभवते. वॉरफरिन किंवा अॅस्पिरिन ही रक्त गोठू न देणारी औषधे घेणाऱ्यांत जिंकोमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. बी-१२ची कमतरता आणि थायरॉइडचे विकार तपासले गेले आहेत ना, हेही त्याच भेटीत विचारावे. सुरू असलेले औषध अर्कासाठी परस्पर बंद करू नये.

डॉक्टरांनी संमती दिल्यास एका वेळी एकच अर्क सुरू करावा आणि तो थांबवण्याची तारीख आधीच ठरवावी. सुरुवातीला डॉक्टरांकडून ३० गुणांची स्मृतिचाचणी करून घ्यावी. घरी मात्र गोळ्या स्वतः घेणे, कपड्यांची बटणे लावणे, दूरध्वनीवरील निरोप सांगणे अशी दोन-तीन कामे निवडून, मदत किती लागली, याची दर आठवड्याला त्याच दिवशी नोंद करावी. या आजारात चांगले आणि वाईट दिवस येतच असतात, त्यामुळे एखाद्या प्रसन्न सकाळीचे श्रेय अर्काला देण्याचा मोह टाळावा (तो घरातील सर्वांनाच होतो). डोळे पिवळे दिसणे, काळी शौच होणे किंवा भोवळ येणे, यांपैकी काहीही झाल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता अर्क बंद करून तातडीने डॉक्टरांकडे जावे. शस्त्रक्रिया ठरल्यास शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही अर्काची माहिती काही आठवडे आधीच द्यावी.