लहान साइझचं ऑटोमॅटिक घड्याळ घ्यायचंय? आधी आतलं मशीन बघा

मनगट बारीक असलं की लोक लहान घड्याळ घ्यायला कचरतात, म्हणतात नाजूक असेल, लवकर बिघडेल. तसं नसतं हो! सेकोचं एसकेएक्स००७ साधारण ४२ मिमीचं आणि त्याचा धाकटा भाऊ एसकेएक्स०१३ ३८ मिमीचा, पण दोन्हीत मशीन तेच, ७एस२६, आणि पाण्याचं रेटिंगपण दोघांना २०० मीटरच, म्हणजे फरक फक्त केसचा, बाहेरच्या डबीचा. उलट मोठं घड्याळच दाराच्या चौकटीला, टेबलाच्या कडेला जास्त आपटतं.

खरा फरक पडतो तो मशीनच लहान असेल तेव्हा, म्हणजे अगदी छोट्या लेडीज घड्याळांत. ईटीए या स्विस कंपनीचं २८२४ हे २५.६ मिमीचं मशीन आणि त्यांचंच २६७१ फक्त १७.२ मिमीचं, आता एवढ्याशा जागेत बॅलन्स व्हील, म्हणजे वेळ राखणारं झुलतं चाक, पण छोटंच बसणार, त्यामुळे धक्का बसला किंवा ऑइल सुकायला लागलं की टाइम पुढेमागे व्हायला वेळ लागत नाही. आपल्याकडे एचएमटीच्या जनता आणि लेडीज सुजातामध्येपण मशीनच्या साइझचा असाच फरक. लहान मशीन लगेच मरतं असं नाही, फक्त सर्व्हिसिंग टाळून चालत नाही, आणि ते उघडायला हात बसलेला कारागीर लागतो, जो हल्ली पटकन सापडत नाही.

म्हणून दुकानात डायलची साइझ नंतर, आधी कॅलिबर नंबर, म्हणजे मशीनचा मॉडेल नंबर, विचारा. जुनं घेत असाल तर मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा, आणि पाण्यात घालणार असाल तर गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी रिंग) बदललंय का तेही.