डिजिटल होणाऱ्या मोठ्या कंपनीने आधी करायची तयारी

नवी यंत्रणा घेण्यापूर्वी कोणते काम किती वेळ बंद राहिले तर निभावेल, हे प्रत्येक विभागाकडून लेखी घ्यावे; प्रवासखर्चाची बिले आठवडाभर थांबू शकतात, मालाची रवानगी मात्र काही तासही थांबत नाही, आणि हा फरक कागदावर आल्याशिवाय पैसा आधी कुठे घालायचा हे ठरवता येत नाही.

सर्वांत जास्त लक्ष बॅकअपकडे द्यावे. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम पाळावाच, पण त्यातली एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे तोडलेली असावी. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, मर्स्क या जहाज कंपनीला गाठले, तेव्हा सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. कोणाला कशाची परवानगी आहे याची नोंद ठेवणारे तिचे डोमेन कंट्रोलर सतत एकमेकांशी जुळवले जात असल्याने एकाच वेळी निकामी झाले. घानातील एक तेवढा वाचला, कारण वीज गेल्यामुळे तो त्या वेळी बंद होता. एकमेकांची नक्कल करणाऱ्या यंत्रणांना बॅकअप समजणे किती महागात पडते, हे प्रत्येक संचालक मंडळाने यातून समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

सॉफ्टवेअरचे अपडेट आधी मोजक्या संगणकांवर चालवून मगच सर्वत्र पाठवावे. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले, आणि त्यांतले अनेक दुरुस्त करायला कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष त्या संगणकासमोर बसावे लागले. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, असेल तर ती उघडणारी रिकव्हरी की हातात हवी, म्हणून या की बंद पडू शकणाऱ्या सर्व्हरवरच ठेवू नयेत.

संपर्काचे एक साधन कंपनीच्या नेटवर्कबाहेर असावे आणि महत्त्वाचे फोन क्रमांक छापून ठेवावेत. मार्च 2019 मध्ये खंडणीसाठी झालेल्या सायबर हल्ल्यानंतर नॉर्स्क हायड्रो या नॉर्वेतील अ‍ॅल्युमिनियम कंपनीने खंडणी न देता अनेक कारखान्यांत हाताने काम चालू ठेवले. तसे करता येणारे अनुभवी लोक आपल्याकडे कोण आहेत, हे निवृत्त्यांपूर्वी नोंदवून ठेवावे.

शेवटी, बॅकअपवरून यंत्रणा पुन्हा उभी करण्याची तालीम वर्षातून निदान दोनदा घ्यावी, ती नेहमीच्या जाणकाराऐवजी दुसऱ्याकडून केवळ लेखी सूचनांच्या आधारे करून घ्यावी आणि लागलेला वेळ विभागांनी दिलेल्या मुदतीशेजारी लिहावा.