जिप्सीचं स्टेअरिंग थरथरतंय? बॉक्सचा स्क्रू पिळायच्या आधी हे बघा

माझी ९८ ची मारुती जिप्सी किंग आहे, कार्ब्युरेटरवाली, पॉवर स्टेअरिंग वगैरे लाड नाहीत. मागच्या पावसाळ्यानंतर कराडहून चिपळूणला चाललो होतो, पाटण सोडलं, रस्ता मोकळा मिळाला, काटा साठच्या आसपास आणि डावं चाक एका छोट्याशा खड्ड्यात गेलं. खड्डा म्हणजे अगदी वाटीएवढा. पण त्यानंतर जे स्टेअरिंग हातात नाचायला लागलं ना, डॅशबोर्ड, आरसा, बाजूला बसलेला मेहुणा, सगळंच थरथरत होतं. ज्यांच्याकडे जुनी जिप्सी आहे त्यांना हे नवीन नाही. गंमत अशी की स्पीड तीसच्या खाली आल्यावर गाडी परत गरीब गाय.

हे तुमच्याबरोबर झालं तर आधी एवढं लक्षात ठेवा, दचकून ब्रेकवर उभे राहू नका. स्टेअरिंग घट्ट धरा पण अंगठे रिंगच्या बाहेर ठेवा (आत असतील तर स्पोक लागून अंगठा दुखावतो), अ‍ॅक्सिलरेटर सोडा, हलका ब्रेक लावत स्पीड कमी करा, थांबेल आपोआप.

आता दुरुस्ती. आपल्याकडे कुठल्याही गॅरेजला नेलं की दोनपैकी एक उत्तर मिळतं, "स्टेअरिंग बॉक्स टाइट करून देतो" नाहीतर "डँपर बदला" (बॉक्स म्हणजे रिंगचं फिरणं चाकांकडच्या दांड्यांना देणारी गिअरची पेटी, डँपर म्हणजे थरथर दाबणारा आडवा छोटा शॉक अ‍ॅब्सॉर्बर). मी पण आधी तेच केलं. बॉक्सच्या वरचा स्क्रू पिळून घेतला, प्ले, म्हणजे चाक न हलता रिंग नुसतीच फिरते तो सैलपणा, कमी वाटला, खुश झालो, आणि कुंभार्ली घाटात पहिल्याच वळणावर कळलं की वळण संपल्यावर स्टेअरिंग स्वतःहून सरळच होत नाहीये, हाताने ओढून आणावं लागतंय. घाटात हे फार वाईट. आणि थरथर होती ती तशीच, कारण आजार तिथे नव्हताच. म्हणून शोधायचं ते खालून वर, टायरपासून सुरू करून बॉक्सला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

टायरचं पटकन आटपतो. चारही टायरमध्ये हवा कंपनीच्या स्टिकरप्रमाणे भरा, डावी-उजवी सारखी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सात-आठ वर्षांचा टायर दगड झालेला असतो, त्याचा बॅलन्स टिकत नाही. रिम वाकडी आहे का ते चाक उचलून फिरवून बघा, शेजारी एक खिळा धरला तरी समजतं. पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे टाकून चालवून बघा, थरथर बदलली तर दोष टायर-रिमचा, नाही बदलली तर पुढे वाचा.

आता एक माणूस मदतीला घ्या आणि गाडी सपाट जागी लावा. इंजिन बंद, चावी मात्र फिरवून ठेवा म्हणजे स्टेअरिंग लॉक व्हायचं नाही, चाकं जमिनीवरच. मदतनीसाने स्टेअरिंग थोडं थोडं डावीकडे उजवीकडे हलवायचं, पूर्ण नाही, चाक हलायला लागेल इतपतच. रिंगवर १० ते ३० मिमी प्ले चालतो, त्याच्या वर गेला तर कुठेतरी झीज आहे. तुम्ही गाडीखाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवत जायचं. बॉक्सचा आर्म, ड्रॅग लिंकची (आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) दोन टोकं, टाय रॉडची (पुढची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) दोन टोकं. ज्या सांध्यात एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो गेला. डोळ्यापेक्षा हाताला जास्त कळतं. हे करताना बॉक्स जिथे चेसीला बोल्ट केलाय तिथेही नजर टाका, बॉक्सच हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत किंवा चेसीला तडा गेलाय, आणि जुन्या गाड्यांत, खासकरून ज्या ट्रेलला जातात त्यांच्यात, तडा निघतो. वरच्या शाफ्टला रबरी कपलिंग असतं, ते फाटलं तरी प्ले येतो, त्याचा खर्च किरकोळ.

मग जॅक लावा. अ‍ॅक्सलखाली घोडी (जॅक स्टँड) ठेवल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही, नुसत्या जॅकवर अजिबात नाही, आणि मागच्या चाकांना दगड लावा. चाक वर-खाली म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. हललं तर एकतर व्हील बेअरिंग ढिलं आहे नाहीतर किंग पिन, म्हणजे चाक ज्यावर डावीकडे-उजवीकडे वळतं ती खुंटी. दोघांतला फरक ओळखायची सोपी युक्ती आहे, मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंग पिन. तीन आणि नऊला धरून हलवलं आणि तिथेच खडखड आली तर बहुतेक टाय रॉड एंड.

माझ्या गाडीत ब्रेक दाबूनही चाक हलत होतं. म्हणजे किंग पिन.

इथे थोडं थांबून समजून घेऊ कारण जिप्सीच्या थरथरीचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना गोल चेंडूसारखं हाउसिंग असतं, त्यावर नकल, म्हणजे चाक धरणारा वळता भाग, बसतो, आणि नकल वर एक खाली एक अशा दोन किंग पिनवर वळतो. प्रत्येक पिनला एक टेपर रोलर बेअरिंग, म्हणजे दोन बाजूंची मिळून चार. पिनच्या खाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात. शिम काढली की बेअरिंग घट्ट होतं, घातली की सैल. नकल थोडा जडच वळला पाहिजे, हा जडपणाच चाकाला नाचू देत नाही. बेअरिंग झिजलं की जडपणा जातो आणि मग एक खड्डा पुरतो. आपल्याकडे त्यात भर म्हणजे पाणी. नदी-ओढे ओलांडले, कोकणात पावसाळाभर फिरलो, आणि नकलचं मागचं सील फाटलेलं असेल तर पाणी आत जाऊन खालच्या बेअरिंगमध्ये साचतं. माझी खालची दोन्ही बेअरिंग उघडल्यावर चहाच्या चोथ्यासारखी गंजलेली निघाली, वरची मात्र ठीक.

घट्टपणा मोजायची पद्धत कंपनीचीच आहे आणि त्याला भंगारवाल्याकडे असतो तसला हुकवाला स्प्रिंगचा काटा पुरतो. चाक काढा, टाय रॉड एंड नकलमधून सोडवा, मागच्या सीलचे छोटे बोल्ट काढून सील मागे सरकवा कारण सीलच्या घर्षणाने आकडा चुकतो. टाय रॉड बसतो त्या भोकात काटा अडकवून काटकोनात ओढा. नकल फिरायला लागतो तेव्हा १ ते १.८ किलो दिसलं पाहिजे. माझा डावा नकल पाव किलोत फिरला! आकडा कमी असेल पण बेअरिंग चांगलं असेल तर नुसती शिम काढून भागतं, एका वेळी पातळ एकच काढायची आणि परत मोजायचं. पण नकल हाताने फिरवताना मध्यभागी "टक" करून खाचेत बसल्यासारखं वाटलं तर शिमच्या नादी लागू नका, बेअरिंगच्या वाटीला खाचा पडल्यात, ती बदलायलाच हवीत. वर्षानुवर्षं सरळ रस्त्यावर रोलर त्याच जागी आपटून या खाचा पडतात.

बदलायचं ठरलं तर एक दिवस मोकळा ठेवा. कॅलिपर सोडवून तारेने पाट्याला (कमानीला) टांगा, ब्रेकच्या पाइपवर लटकत सोडू नका. हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) निघाला की किंग पिनचे बोल्ट काढा. पिन काढताना वरची कुठली खालची कुठली, डावी कुठली उजवी कुठली, यावर पेंटने खूण करा आणि प्रत्येकीच्या शिम तिच्याबरोबरच एका पिशवीत, मी हे केलं नाही आणि संध्याकाळपर्यंत शिमांचं कोडं सोडवत बसलो. नकल बाहेर येताना बेअरिंग खाली पडतं, खाली ट्रे ठेवा, डिफचं (अ‍ॅक्सलमधल्या गिअरपेटीचं) ऑइलही थोडं सांडणार. जुन्या वाट्या हाउसिंगमध्ये घट्ट असतात, पितळी रॉडने आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ठोकत काढा, लोखंडी छिन्नी घातलीत तर बसायची जागा खराब होईल. आत काळं पाणीदार ग्रीस निघालं तर अ‍ॅक्सलचं आतलं ऑइल सील पण गेलंय, डिफचं ऑइल नकलमध्ये येतंय, एवढं उघडलंच आहे तर तेही बदला. सील किट लोकल घेतलंत तर घ्या, पण बेअरिंग मात्र नावाजलेल्या कंपनीचं घ्या. पुण्यात नाना पेठेत सगळं मिळतं, जुना नमुना बरोबर घेऊन जा म्हणजे फेरा वाचतो.

टाय रॉड एंड काढायला पुलर नसेल तर नट पूर्ण काढू नका, दोन आटे राहू द्या, आणि ज्या डोळ्यात तो बसलाय त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने दुसरा हातोडा मारा. दोन-तीन फटक्यात सुटतो. वरून बोल्टवर मारलंत तर आटे गेले. जुना एंड रॉडमधून काढताना किती फेरे फिरले ते मोजा आणि नवा तेवढेच फेरे बसवा, म्हणजे निदान अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी सरळ जाईल. एका टोकाला उलटे आटे असतात, उगाच जोर लावू नका. आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी. जुनी सरळ करून परत घालणाऱ्या मेस्त्रीकडे मी गाडी नेत नाही.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत, ते घरीही बघता येतं. गाडी सरळ थोडी पुढे ढकला, टायरच्या मधोमध हबच्या उंचीला मागच्या बाजूने खडूने खूण करा, दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. आता खुणा पुढे येईपर्यंत गाडी ढकला, परत मोजा. पुढचं अंतर २ ते ६ मिमीने कमी हवं. फरक नीट नसेल तर टाय रॉड फिरवायचा. स्टेअरिंगची रिंग वाकडी दिसत असेल तर ते ड्रॅग लिंकने सरळ करायचं, रिंग काढून दुसऱ्या दातावर बसवणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

लिफ्ट केलेल्या गाडीवाल्यांना वेगळं सांगतो. लांब शॅकल (कमान चेसीला जोडणारी पट्टी) टाकून गाडी उंच केली की जिप्सीत पुढच्या कमानीचं पुढचं टोक खाली जातं, अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि कास्टर, म्हणजे किंग पिनचा मागे कललेला कोन, कमी होतो. मुळात तो साडेतीन अंश असतो. कास्टर गेला की गाडी सरळ रेषेत राहत नाही, वर मोठे टायर टाकलेले असतात, मग थरथर येणारच. पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये उताराची पाचर टाकून कास्टर परत आणता येतो. उंच दिसण्यासाठी शॅकल लांब करायची फॅशन मला कधी पटली नाही, पण ज्याची त्याची गाडी.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर हवा आणि ब्रेक बघून झाल्यावर पुढच्या आणि मागच्या हबच्या मधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक निघाला तर कमानीचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकलाय किंवा अ‍ॅक्सल कमानीला धरणारे यू बोल्ट ढिले आहेत. स्टेअरिंग जड झालं असेल तर आधी हवा, मग शाफ्टचा क्रॉस (वाकणारा सांधा) गंजलाय का, मग बॉक्समध्ये ऑइल आहे का. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लागलेलं राहिलं तरी वळणावर स्टेअरिंग जड होतं, हसू नका, माझ्याकडून झालंय.

आणि आता बॉक्स. बाकी सगळं नीट असूनही प्ले असेल तरच. ९० नंबरचं गिअर ऑइल पुरेसं आहे का बघा, ड्रॅग लिंक सोडवा, चाकं सरळ असताना असते तशी रिंग बरोबर मध्यावर आणा, कारण बॉक्स मध्यावरच सगळ्यात घट्ट असतो. लॉक नट सैल करून स्क्रू अगदी थोडा, एकअष्टमांश फेरा, फिरवा, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिंग फिरवून बघा. मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर लगेच मागे घ्या. दोन-तीनदा करूनही प्ले जात नसेल तर आतला माल झिजलाय, बॉक्स उघडायला किंवा बदलायलाच हवा.

डँपर, म्हणजे तो आडवा छोटा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ऑइल गळत असेल तर बदला. पण आधी डँपर काढून ठेवून गाडी चालवून बघा, हळूहळू वीस, चाळीस, साठ. डँपरशिवाय गाडी शांत चालली तर काम बरोबर झालं, मग नवा लावा. नवा डँपर लावल्यावरच थरथर थांबत असेल तर दुखणं अजून आत बसलेलं आहे आणि सहा महिन्यांत परत वर येईल.

जुन्या विलीज टाइप महिंद्रावाल्यांनी एवढं धरून ठेवा की तुमच्या पुढच्या अ‍ॅक्सलजवळ मध्ये बेलक्रँक (स्टेअरिंगची ओढ दोन्ही चाकांकडे वळवणारा आर्म) असतो, त्याची बेअरिंग-बुश झिजली की वरचं सगळं नवीन घालूनही प्ले जात नाही. बाकी तपासायची पद्धत हीच.

काम झाल्यावर पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर यू बोल्ट, किंग पिनचे बोल्ट आणि चाकाचे नट परत एकदा पान्याने बघा, नवीन बेअरिंग बसतात तसे थोडे सैल होतात. माझा एक यू बोल्ट अर्धा फेरा फिरला होता. त्यानंतर त्याच पाटणच्या रस्त्याने गेलो, तो वाटीएवढा खड्डा आता परातीएवढा झालाय, मुद्दाम त्यातून घातली. मेहुण्याने आधीच वरचं हँडल धरून ठेवलं होतं.