बेळगावात नव्यानं राहायला आलात? आधी सण बघा, मग पेरा

पुण्यामुंबईकडून किंवा कोकणातून बेळगावात नव्यानं राहायला आलेली माणसं पहिल्या जूनमध्ये हमखास एकच चूक करतात. मृगाचा पाऊस पडला की हौसेनं मेथी, कोथिंबीर, टोमॅटो सगळं एकदम लावतात आणि जुलैच्या मध्यापर्यंत कुंडीत नुसता चिखल उरतो. इथला पाऊस मुंबईसारखा कोसळून थांबत नाही. शहर साधारण ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीला लागून आहे. आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, झिमझिम चालूच असते. म्हणून इथे पेरणीची तारीख पावसावरून ठरवू नका. कोणत्या सणाला ताटात काय हवंय ते बघा आणि तिथून दिवस उलटे मोजा.

उलटं मोजताना अधिक महिना विसरायचा नाही. २०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ साली ती १४ सप्टेंबरला आहे. अठरा दिवसांचा हा फरक शेपूसारख्या चाळीस दिवसांच्या भाजीला चाळीस टक्क्यांहून जास्त पडतो. गेल्या वर्षीची तारीख धरून पेरलेला शेपू गौरी येईपर्यंत फुलावर जातो.

त्याआधी माती. जिल्हा एक असला तरी माती एक नाही. शहर, खानापूर या पट्ट्यात तांबडी, जांभ्याची माती. ती भिजली की लोण्यासारखी आणि वाळली की कौलासारखी. सततच्या पावसानं तिच्यातला चुना धुऊन गेलेला असतो, त्यामुळे ती आंबट असते. कुंडीसाठी दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं साळीचं तूस घ्या. वर बारा इंची कुंडीला एक मूठ चुलीची राख. राखेनं आंबटपणा कमी होतो. बैलहोंगल, गोकाक, अथणीकडे राहायला गेलात तर मात्र हेच उलटं. तिथली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळातच खारट बाजूला झुकलेली असते. तिथे राख अजिबात नको, आणि अर्ध्याला अर्धी जाड वाळू मिसळली नाही तर मुळं गुदमरतात. अथणीवाल्यांनी पावसाची वाटही शहरासारखी बघू नये. पश्चिमेच्या घाटाकडच्या कणकुंबी-जांबोटीत ओढे भरून वाहत असतात तेव्हा तिकडे ढग नुसते वरून जातात.

कुंडी जमिनीला टेकवून ठेवू नका, दोन विटांवर ठेवा. खालचं भोक चिखलानं बुजतं, पाणी तुंबतं आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो. जुलैत खालची पानं पिवळी पडली तर पाणी कमी पडलं म्हणून आणखी ओतू नका, खत वाहून गेलेलं असतं. जुलैच्या मध्याला आणि ऑगस्टच्या मध्याला दोन-दोन मुठी शेणखत वरून द्या, ऊन पडेल त्या दिवशी.

जूनमध्ये लावायचं ते पाऊस सोसणारंच: अळू, हळद, अंबाडी, दोडका, काकडी. अळूचे कंद पन्हाळीखाली, जिथे पाणी पडतं तिथे लावा. श्रावणात वडीला पानं मिळतात. हळदीचा कंद अक्षय्यतृतीयेपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कधीही पुरा. पाच-सहा कुंड्या असल्या तरी नागपंचमीच्या पातोळ्या आणि चतुर्थीचे मोदक वाफवण्याइतकी पानं निघतात. पण एका झाडाची तीनपेक्षा जास्त पानं एका वेळी तोडू नका, खाली कंद बारीक राहतो.

पहिल्या पावसात गोगलगायी येतात आणि एका रात्रीत काकडीची सगळी रोपं खातात. राखेचं कडं इथल्या पावसात टिकत नाही. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याशेजारी पसरा. सकाळी सात वाजता उलटलं की त्याच्या खाली चिकटलेल्या सापडतील. मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. आठ दिवस नेमानं केलं की बस.

दोडक्याची तक्रार प्रत्येक नवा माणूस करतो: वेल मांडवभर, फळ अंगठ्याएवढं होतं, पिवळं पडतं आणि गळतं. कीड नाही, रोग नाही. पावसात पराग नेणारे कीटक फिरत नाहीत, परागच पोचत नाही. आणि सकाळी जाऊन हातानं पराग लावायला बघाल तर फूल मिटलेलं. दोडका संध्याकाळी फुलतो, काकडी सकाळी. दोडक्याचं संध्याकाळी साडेसहा-सातला नर फूल तोडा (त्याच्या देठाला फळ नसतं), पाकळ्या मागे मोडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच दोन-तीनदा टेकवा. मादीच्या पाठीशी बारीक दोडका असतोच. चार दिवसांत त्याला बाक येऊन तो लांब व्हायला लागला की जमलं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस नुसती नर फुलंच येतात, तेव्हा घाबरून वेल छाटू नका.

गौरी जेवायच्या आदल्या दिवशी, आवाहनाला, इथे अनेक घरांत शेपूची भाजी आणि भाकरी असते. शेपू चाळीस दिवसांचा, पण ढगाळ हवेत आठ-दहा दिवस जादा धरा. म्हणजे यंदा जुलैचा शेवटचा आठवडा. बी ओळीत टाका, वर अर्ध्या बोटापेक्षा जास्त माती नको, आणि कुंडी सज्ज्याखाली ठेवा. उघड्यावर ठेवलीत तर पावसाच्या थेंबानं बी एका कोपऱ्यात गोळा होतं. रोपं बोटभर असताना बुडाशी काळी पडून आडवी झाली तर ती मर आहे. त्या दिवसापासून पाणी बंद, वरची माती खुरप्यानं मोकळी करा.

सहा माणसांच्या भाजीला दोन मोठ्या पेंड्या शेपू लागतो. कवळे देठ ठेवा, जून काढा. अर्धी वाटी मूगडाळ तासभर भिजवा. तेलात मोहरी, जिरं, हिंग, चार हिरव्या मिरच्या, मग डाळ, आणि डाळ अर्धी शिजल्यावरच शेपू. आधी टाकलात तर डाळ शिजेपर्यंत शेपूचा रंग आणि वास दोन्ही जातात. नैवेद्याला लसूण नाही, पण दुसऱ्या दिवशी उरलेल्या भाजीवर लसणाची फोडणी घालून बघाच.

बाजारात जाल तेव्हा थोडं कन्नड कानांत असू द्या. खासबागेच्या रविवारच्या बाजारात रोपं, बी, पालेभाजी सगळं मिळतं, आणि भाजीवाल्या अक्का दोन्ही भाषा बोलतात. तरी नावांनी घोटाळा होतो. सगळ्यात मोठा फसवा शब्द ‘चवळीकाई’. तो ऐकून चवळी समजाल, आणि पिशवीत पडेल गवार. चवळीला ‘अलसंदी’ म्हणा. पुंडी म्हणजे अंबाडी, सबसगी म्हणजे शेपू, हिरीकाई म्हणजे दोडका, बदनीकाई वांगं, गुरेळ्ळू कारळे, अगसी जवस. पालेभाजीला ‘जुडी’ म्हणालात तरी कळतं, पण इथला शब्द पेंडी. बैलांचा सणही तारखेला तपासा. इथे कारहुणवी ज्येष्ठ पौर्णिमेला असते, विदर्भ-मराठवाड्यातला पोळा श्रावण अमावस्येला. महिने दोन्ही पंचांगांत तेच असतात, सणच वेगळ्या दिवशी.

खरी बाग सप्टेंबरच्या मध्यापासून. पाऊस ओसरतो, रात्री गार व्हायला लागतात, दव पडतं. मेथी, पालक, कोथिंबीर आता लावा. धने रगडून दोन फाकी करायचे आणि रात्रभर भिजवायचे, नाहीतर पंधरा दिवस वाट बघाल. दसऱ्याच्या झेंडूला मात्र बीपासून ऐंशी दिवस धरावे लागतात, म्हणून त्याचं बी ऑगस्टच्या सुरुवातीलाच पडलेलं हवं.

भोगी ठरलेली असते, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, जानेवारीच्या १३-१४ तारखेला. म्हणून तिचं गणित सगळ्यात सोपं. हरभरा १५ ऑक्टोबरच्या आसपास टोकला की सोलाणा भोगीला तयार. गाजर सप्टेंबरअखेर, जागेवरच पेरून. रोप उपटून दुसरीकडे लावलं की मुळाला दोन-तीन फाटे फुटतात. वांग्याचं रोप ऑगस्टमध्ये टाकून सप्टेंबरमध्ये लावा.

पावट्याचा स्वभाव वेगळा आहे. जुना देशी पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही. जूनमध्ये पेरा की सप्टेंबरच्या सुरुवातीला, फुलं दिवाळीच्या सुमारासच येतात. फरक एवढाच की जूनचा वेल छपरावर चढतो आणि सप्टेंबरचा आटोपशीर राहतो. गच्चीवर सप्टेंबरचाच बरा. जानेवारीत पेरलात तर दिवस मोठे होत जातात आणि पानांखेरीज काही मिळत नाही. कित्येकजण असा वेल ‘वांझ’ म्हणून उपटतात. फुलं येताना शेंड्यावर काळा मावा बसतो. पहिल्या दिवशीच शेंडा खुडून टाका, फवारायची वेळ येत नाही.

भोगीच्या भाजीला सहा जणांसाठी: पावट्याचे दाणे एक वाटी, सोलाणा एक वाटी, रात्रभर भिजवलेले शेंगदाणे अर्धी वाटी, दोन गाजरं, सात लहान काटेरी वांगी, सात-आठ बोरं. पाव वाटी तीळ आणि दोन चमचे कारळे वेगवेगळे भाजून एकत्र कुटा. कारळे तिळाबरोबर भाजले तर तीळ तडतडेपर्यंत ते कडू होतात. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मग शेंगदाणे, पावटा, सोलाणा आणि गरम पाणी. झाकून पंधरा मिनिटं. दाणा बोटानं दाबून फुटला की गाजर, पाच मिनिटांनी वांगी आणि बोरं, दीड चमचा कांदा-लसूण मसाला, मीठ. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ अगदी शेवटी. भाजी करकरीत राहिली तर दोष पावट्याला देऊ नका. चिंच आधी पडली की आंबटानं दाणा शिजत नाही, मग कितीही वेळ उकळा. कूट घालून दोन उकळ्या आल्या की उतरवा, जास्त शिजलं तर तेल सुटून चव उग्र होते.

बरोबर बाजरीची तीळ लावलेली भाकरी. पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा, बाजरीतलं तेल लवकर खवट होतं आणि पंधरा दिवसांचं पीठ कडवट लागतं. भाकरी थापायला जमत नसेल तर शेजारच्या काकूंकडे दोन दिवस बसा, लाजू नका.

रताळ्याला कुंडी पुरत नाही, परडं असेल तरच. वेलाचे वीतभर तुकडे जुलैत वरंब्यावर लावा, साधारण चार महिन्यांनी काढा. शेणखत जास्त झालं की नुसता वेल माजतो. दीड महिन्यानं भर लावा, उघड्या मुळावर भुंगा बसून रताळं आतून काळं होतं.

उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येईलच असं धरू नका. मार्च ते मे मध्ये पाणी जास्त लागेल ते लावूच नका. तांदूळ धुतलेलं पाणी हळद, कढीपत्ता, मिरचीला पुरेसं आहे. पाडव्याला बागेतलं काही नसलं तरी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, होते: एक वाटी खपली गहू रात्रभर भिजवून, चार वाट्या पाण्यात कुकरला सात-आठ शिट्ट्या. मग डावानं जरा घोटून एक वाटी गूळ, वेलदोडा, सुंठ. गहू पूर्ण मऊ झाल्याशिवाय गूळ पडला तर तो तिथेच अडून बसतो. गाईचं दूध उकळत्या गुळात फाटतं, म्हणून एक वाटी नारळाचं दूध घाला, तेही गॅस बंद केल्यावर.