माळवदाचं घर जपायचंय? आधी वर चढा

आमच्या गावात पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या जागेवर, पहिलं घर बांधलं ते माझ्या नवऱ्याच्या खापरपणजोबांनी. पाच खणांचं माळवद, म्हणजे तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर, पुढं ओसरी. आता ते आम्ही बघणाऱ्यांसाठी उघडं ठेवलंय. तुमच्याकडं असं घर असेल तर जाती-उखळं नंतर गोळा करा, आधी शिडी लावा.

मिरगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायची ही जुनी रीत. काळीसारखी ती भेगाळत नाही, म्हणून घर गळत नाही. पण जुनी न काढता दरसाल नवी टाकली की ओझं वाढत जातं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला पहाटे 3.56 ला धरणी हलली. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि हेच ओझं अंगावर आलं. आम्ही अहमदपूर तालुक्यातले, आमचं घर नुसतं हललं. तरी आत्याबाई पुढं दोन वर्षं अंगणातच झोपल्या.

म्हणून चैत्रातच माती उतरवा. आमच्या माळवदावर दोन हात थर निघाला, वीतभर ठेवला. एकाच बाजूनं खरवडू नका, दोन्हीकडून सारखी काढा, आणि आधी इंजिनिअरला तुळया दाखवा. श्रावणात वर गवत उगवतं, ते लहान असतानाच उपटा. मुळं खोल गेली की तिथूनच गळतं. पन्हाळी मोकळ्या ठेवा.

खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, टेकतो तिथं वाळवी लागते. बोटानं वाजवून बघा, पोकळ आवाज आला की सुताराला बोलवा. भिंतीला सिमेंट मात्र लावू नका. आम्ही एक भिंत हौसेनं लिंपली, दुसऱ्या पावसाळ्यात ओल आत कोंडून सगळा गिलावा मातीसकट खाली आला. शेणमातीच बरी.

आतलं काम सोपं. साण्यावर, म्हणजे छतातल्या उजेडाच्या भोकावर, काच बसवली की उजेड पडतो. बळदाचं तोंड उघडं ठेवा, भिंतीत ज्वारी कशी साठायची हे पोरांना खरं वाटत नाही. मोडीतले कागद भिंतीवर टांगू नका, उन्हानं शाई उडते. फोटो लावा, मूळ कागद पेटीत ठेवा.

आणि माळवदावर कुणालाही चढू देऊ नका. सेल्फीवाले ऐकत नाहीत, म्हणून मी शिडीच शेजारच्या गोठ्यात ठेवते.