परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी : अडलेले अर्ज कसे मार्गी लागले

नागपुरात धरमपेठेतील एका शिकवणी वर्गात मी इंग्रजी शिकवत होते, एम.ए. आणि बी.एड. दोन्ही पदव्या हाताशी असूनही परदेशातील भाषासंस्थांकडे पाठवलेले अर्ज पहिल्याच चाळणीत गळत. यातील काही देशांचा प्रश्न पारपत्राचा होता. दक्षिण कोरिया भाषाशिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषी देशांच्या नागरिकांना देतो, म्हणून तिकडे वेळ घालवणे मी थांबवले.

खरी उणीव प्रमाणपत्राची होती. स्वस्तातली अनेक ऑनलाइन प्रमाणपत्रे तासांचा आकडा मोठा दाखवतात, पण त्यांत प्रत्यक्ष शिकवणे नसते. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिकवण्याच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात मात्र किमान १२० तासांच्या प्रशिक्षणाबरोबर खऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावे लागते आणि प्रशिक्षक ते पाहून मूल्यमापन करतात. बी.एड.चे पाठ दिलेल्या माणसालाही हे जड जाते, कारण व्याकरण समजावून सांगण्याची आपली सवय तिथे सतत खुपते: शिक्षकाने कमी बोलावे आणि विद्यार्थ्यांनी जास्त, ही अपेक्षा असते. मी हा अभ्यासक्रम घरूनच, ऑनलाइन पूर्ण केला.

त्यानंतर मुलाखती येऊ लागल्या आणि ओमानमधील एका संस्थेने होकार दिला. पदवीचे आधी राज्य शासनाकडून प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून अपॉस्टिल (करारातील देशांत कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का), हा क्रम पाळावा लागला. ओमान अपॉस्टिल करारात आहे. अमिरातीसाठी मात्र दूतावासाचे साक्षांकन वेगळे लागते, तेव्हा देश ठरल्यावरच कागद पुढे पाठवावेत.