आमदारांना द्यायचं एक पान

इंदूरला लोकमान्य नगरात संध्याकाळी माझ्याकडे तिसरीतली पोरं हिंदी वाचायला येतात. एकीने परवा 'नल' हा शब्द 'पानी' असा वाचला. वर नळाचं चित्र होतं. मी अंगठ्याने चित्र झाकलं, तर पोरगी गप्प. चित्र बघून नुसता अंदाज ठोकत होती.

वाचनाचा कायदा हवा म्हणून आमदारांकडे जाल तर हा 'नल' सोबत न्या. 'शिक्षणाचा दर्जा सुधारा' असली पत्रं त्यांच्याकडे रद्दीला पडलेली असतात.

पान एकच, आणि हिंदीत. अशा निवेदनाला इकडे 'ज्ञापन' म्हणतात. कुणा हिंदीवाल्याकडून तपासून घ्या, आपलं मराठी वळण लगेच कळतं. शिक्षण 1976 पासून समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या सूचीत आहे, म्हणजे विधानसभेला कायदा करता येतो. पण विधेयकासाठी अडून बसू नका. आधी अशासकीय संकल्प मागा, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने सभागृहात मांडायचा ठराव.

मागण्या तीनच. मी एकदा अकरा घेऊन गेले होते. "ताई, इसमें सबसे ज़रूरी कौन सी?" आमदार म्हणाले, आणि मलाच सांगता येईना.

पहिली ते तिसरी, प्रत्येक मुलाचं वाचन बाईंनी एकेकट्याने ऐकावं, वर्षातून तीनदा, पहिल्यांदा शाळा उघडल्यापासून महिन्याभरात. निपुण भारत या केंद्राच्या अभियानाने 2021 मध्ये तिसरीसाठी मिनिटाला किमान 60 शब्द, तेही समजून, असं ठरवलंय. पण ते अभियान आहे, कायदा नव्हे, मुदत 2026-27 पर्यंत. दुसरी मागणी, जे मूल अडखळतं त्याच्या घरी पत्र जावं. तिसरी सर्वांत महत्त्वाची: बाईंच्या वर्गात बसून, त्यांना शिकवून दाखवणारी जाणती शिक्षिका.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याने 2013 मध्ये असाच कायदा केला. तेव्हा चौथीच्या वाचनात ते देशात जवळजवळ तळाला होतं, 2019 मध्ये राष्ट्रीय सरासरीला पोचलं. त्या कायद्यातलं लोकांना एकच आठवतं, की तिसरीत वाचता आलं नाही तर पुढच्या वर्गात ढकलत नाहीत. कमकुवत शाळांत वाचनाचे प्रशिक्षक पाठवले, हे कुणी सांगत नाही. नापास करायला खर्च नाही ना! आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पाचवीत थांबवता येतं, पण तोवर चित्रावरून वाचायची सवय पक्की होते. म्हणून नापासाचा विषय तुम्ही काढूच नका, त्यांनी काढला तर तिसऱ्या मागणीवर बोट ठेवा आणि अशी शिक्षिका किती शाळांना हवी तो आकडा सांगा.

विधानसभेचं सत्र लागायच्या बरंच आधी जा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका, चहा आला तरी.